चिकणमातीत बोअर कमी, नमुने चांगले: पटतंय का?

पाया_पक्का
माती तपासणीचे अहवाल चाळले की बहुतेकांत एकच साचा दिसतो. बोअर (तपासणीसाठी जमिनीत पाडलेली खोल भोकं) भरपूर, दर दीड मीटरला एक एन-व्हॅल्यू (नळी मातीत ठोकायला लागलेले ठोके), आणि त्या आकड्यावरून कोष्टकात बघून थेट चिकणमातीची शिअर स्ट्रेंथ (घसरण्याला विरोध करायची ताकद) ठोकून दिलेली. माझं मत असं, की चिकणमातीच्या जागेवर बोअर निम्मे केले तरी चालतील, पण उरलेल्यांतून अनडिस्टर्ब्ड, म्हणजे मूळ रचना न बिघडलेले, नमुने नीट काढा.

एसपीटीत, म्हणजे एन मोजायच्या स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्टमध्ये, ६३.५ किलोचा हातोडा ७६० मिमीवरून पडतो. स्पून (माती घेणारी जाड नळी) ४५० मिमी आत जातो, पहिले १५० सोडून पुढच्या ३०० मिमीचे ठोके म्हणजे एन. वाळूत या आकड्याला अर्थ आहे. मऊ चिकणमातीत मात्र २ की ४ एवढ्यावर सगळं डिझाइन फिरतं, आणि तेवढा फरक नुसता हातोडा बदलला तरी पडू शकतो. दोराने ओढायचा हातोडा बरीच ऊर्जा वाटेतच घालवतो, ऑटोमॅटिक त्यापेक्षा खूप जास्त रॉडपर्यंत पोचवतो. ऊर्जा मोजून, हातोड्याच्या सैद्धांतिक ऊर्जेच्या ६० टक्के या समान पायावर आणलेला एन किती अहवालांत असतो?

शिवाय स्पूनचा बाहेरचा व्यास ५१ मिमी, आतला ३५. म्हणजे एरिया रेशो (नळीच्या भिंतीचं क्षेत्रफळ भागिले आतल्या भोकाचं) ११० टक्क्यांच्या आसपास. चांगल्या नमुन्याला तो १० टक्क्यांच्या जवळ हवा, आणि पातळ पत्र्याच्या शेल्बी ट्यूबमध्ये तो मिळतो. स्पूनमधली माती वर्गीकरणाला ठीक आहे. स्ट्रेंथ आणि सेटलमेंटच्या (भाराखाली खचण्याच्या) चाचणीला ती बाद.

रिगजवळचा
साफ असहमत. तुमच्या वाक्यातलं ‘बोअर निम्मे करा’ एवढंच उचललं जाईल आणि ‘नमुने नीट काढा’ कागदावर राहील, हे मी साइटवर राहून सांगतोय.

आणि तांत्रिक मुद्दाही आहे. माती थरांनी बसलेली असली तरी ते थर सपाट नसतात. बुजलेला जुना ओढा, मध्येच मऊ मातीचा खिसा, भरावाखाली दबलेलं तळं, हे दोन बोअरच्या मधोमध असलं तर तुमची शेल्बी ट्यूब काय करणार? कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथलं धान्याचं कोठार १९१३ मध्ये भरता भरता कलंडलं, जवळजवळ २७ अंशांनी. पायाच्या पातळीवर भार देऊन चाचणी केलेली होती आणि वरची चिकणमाती घट्ट निघाली होती. तिच्याखाली मऊ थर होता, तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. तिथे नमुन्याचा दर्जा आड आला नाही, खाली बोअर नव्हता हे आड आलं.

मेण_आणि_ट्यूब
लॅबमध्ये बसून दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण वाद चुकीच्या ठिकाणी चाललाय असं वाटतं. ट्यूब येते तेव्हा दोन्ही टोकांचं मेण तडकलेलं असतं, वरची माती सुकून कडेपासून सुटलेली असते. लेबलवर खोली असते, पण वरचं टोक कुठलं त्याची खूण नसते. अशा नमुन्यावर ट्रायअॅक्सियल (चहूबाजूंनी दाब देऊन ताकद मोजायची चाचणी) करून जो आकडा येतो त्याला काय म्हणायचं? त्यामुळे चार ट्यूब आणल्या म्हणजे चार चांगले नमुने मिळाले असं होत नाही.

वर्गीकरणाचंही तसंच. लॉगवर (बोअरच्या नोंदीत) पानभर ‘सिल्टी क्ले’, म्हणजे बारीक गाळ मिसळलेली चिकणमाती, लिहिलेलं असतं. मी पाहते तेव्हा लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते तेव्हाचं पाण्याचं प्रमाण) ६०, प्लास्टिसिटी इंडेक्स (माती मळता येते तेवढी ओलाव्याची मर्यादा) २२. क्ले आणि सिल्ट वेगळी करणाऱ्या आलेखातल्या रेषेचं, ए-लाइनचं, सूत्र ०.७३ गुणिले (६० वजा २०), म्हणजे २९. बावीस त्याच्या खाली, म्हणून गट एमएच (जास्त लिक्विड लिमिटची सिल्ट), क्ले नव्हे. हे साइटवरही कळलं असतं. ओल्या मातीचा गोळा तळहातावर घेऊन तो हात दुसऱ्या हातावर आपटायचा. वर पाणी येऊन चकाकी आली आणि बोटांनी दाबल्यावर गेली, तर सिल्टचा भाग मोठा. चिकणमाती ढिम्म राहते. मिनिटभराचं काम आहे, पण लॉग लिहिणाऱ्याने माती हातात घ्यायला हवी!

अजून एक. काळपट, वास येणारी माती लिमिट काढण्याआधी कृपा करून ओव्हनमध्ये सुकवू नका. सुकवल्यावरचं लिक्विड लिमिट न सुकवलेल्याच्या ७५ टक्क्यांहून कमी आलं तर ती माती सेंद्रिय. आधीच सुकवली तर ही तुलनाच करता येत नाही.

शंकू_चाचणी
दोन-चार बोअर नमुन्यांसाठी ठेवा, मधल्या जागा सीपीटीने (शंकू मातीत दाबत नेऊन विरोध सलग मोजायच्या चाचणीने) भरा. पातळ थरसुद्धा सलग नोंदीत दिसतो. नमुना हाती येत नाही आणि खडी लागली की शंकू अडतो, म्हणून बोअर लागतातच.

पाया_पक्का
@रिगजवळचा, ट्रान्सकोनाचं पुढचंही सांगा ना. बऱ्याच वर्षांनी तिथे बोअर घेतले, नमुन्यांवर ताकद मोजली, आणि त्यावरून काढलेली बेअरिंग कपॅसिटी प्रत्यक्ष कोसळतानाच्या भाराच्या अगदी जवळ आली. कुठे बघायचं ते बोअरने सांगितलं, किती भार पेलेल ते नमुन्याने. खोलीच्या बाबतीत तुमचं मान्य, उरलेले बोअर मऊ थर ओलांडूनच थांबावेत. संख्येच्या बाबतीत मी ठाम आहे.

@मेण_आणि_ट्यूब, ताई, मेणाचा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणूनच म्हणतो, बोअर कमी केले की तेवढा वेळ आणि माणूस नमुन्यांसाठी मोकळा होतो.

रिगजवळचा
मोकळा होणारा वेळ नमुन्यांकडे जाईल हे तुम्ही गृहीत धरताय. तो वेळापत्रकातूनच कापला जातो. आणि जागा ‘चिकणमातीची’ आहे हे आधी ठरवलं कुणी? पहिल्या दोन बोअरनी. तिसऱ्यात बारीक वाळूचा पट्टा निघाला, रॉड भराभर वर ओढल्याने भोकातलं पाणी भूजलाच्या खाली गेलं, की तळाची वाळू उसळून सैल होते आणि एन उगाच कमी येतो. तसं झालंय हे मला शेजारच्या बोअरशी ताडून कळतं. शेजारचा बोअरच तुम्ही काढून टाकलात, तर मी ताडू कशाशी? आधी ठरलेले सगळे बोअर होऊ द्या, त्यांतल्या मऊ थरांच्या खोल्या बघा, आणि ट्यूबसाठी तिथेच बाजूला वेगळा बोअर घ्या.