इंग्रजांच्या फौजेत लढलेल्या आपल्या सैनिकांचं स्मरण करायचं की नाही?

तळकोकणी:
रायगड जिल्ह्यातल्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतलं दुसरं कुणीच धड उरलं नव्हतं. घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने ती बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभं राहिलं. आपल्या राष्ट्रीय समर स्मारकात मात्र स्वातंत्र्यानंतरचीच नावं आहेत. मला हे खटकतं. दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं निदान त्यांच्या गावातल्या शाळेत, ग्रामपंचायतीत तरी लागली पाहिजेत.

निखारा:
शौर्याबद्दल वाद नाहीच. पण लढाई कुणाची होती? जालियनवाला बागेत डायरच्या हुकमावर गोळ्या झाडणारे हिंदी शिपाईच होते. उलट फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी वर्दीत असताना बंड केलं, नोकऱ्या गमावल्या. आधी त्यांची नावं लावा की. शिपाई साम्राज्यासाठी मेला, देशासाठी नाही, हे कटू असलं तरी खरं आहे.

माणदेशी:
निखारा, हे आज बसून म्हणणं सोपं आहे. पहिल्या महायुद्धात शिपायाला महिना ११ रुपये मिळायचे. आमच्या दुष्काळी पट्ट्यात तेवढ्यावर घर चालायचं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एकाच गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. आणि १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी खुद्द गांधीजी फिरले होते. पुढाऱ्यांना जे उमगलं नव्हतं, त्याचा जाब पोटासाठी भरती झालेल्या पोराला विचारायचा?

जुनी पानं:
आमच्या पणजोबांचं चांदीचं पदक आजीने अडीअडचणीला सोनाराकडे मोडलं. काकांनी त्याआधी कडेवरची बारीक इंग्रजी अक्षरं वहीत उतरवून घेतली होती: नंबर, हुद्दा, नाव, '११७ मराठा'. एवढ्या ओळीवरून कळलं की ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात सापडलेल्या पलटणीतले. १९१६ च्या एप्रिलअखेर तिथली फौज तुर्कांना शरण गेली. कुणाच्या पेटीत पदक असेल तर आधी त्याची कडा वाचा, फोटो काढून ठेवा.

निखारा:
मेसोपोटेमियाचा विषय निघालाच आहे, तर बसऱ्याच्या स्मारकाचं बघा. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीनिहाय नुसते आकडे. ज्यांनी आपल्या माणसांना आकड्यात मोजलं, त्यांच्या पदकांचा अभिमान मला बाळगता येत नाही.

तळकोकणी:
पदकाचा अभिमान मी मागतच नाहीये, नावं मागतोय! इंग्रजांनी आकडा लिहिला म्हणून आपण तोही पुसायचा का? ती माणसं आपल्याच गावांतून गेली ना?

दापोलीकर:
एक बाजू राहून जातेय. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ती उघडावी म्हणून अर्ज-विनंत्या झाल्या. १९१७ ला १११ महार ही पलटण उभी राहिली, १९२१ ला मोडलीही. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांच्यासाठी ती वर्दी साम्राज्याची चाकरी एवढीच नव्हती. त्यांच्या नावांबद्दल बोलताना हे ध्यानात असू द्या.

निखारा:
दापोलीकर, हा मुद्दा मान्य. नावं लावा. पण प्रत्येक नावापुढे लढाई कोणती आणि हुकूम कुणाचा, तेही लिहा. नुसता 'देशासाठी धारातीर्थी' असा फलक लागला तर ग्रामसभेत मी विरोधच करणार.