बाह्य हार्ड डिस्क 'राइट प्रोटेक्टेड' दाखवते, सल्ला हवा

प्रश्न (देसाईगंज तालुका, जि. गडचिरोली)

नमस्कार. दिवाळीनंतर आमच्या भागात झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि मी गावोगावच्या नाटकांचे व दंडारीचे चित्रीकरण करतो. जुन्या हंगामांचे सर्व चित्रीकरण एक टेराबाइटच्या एकाच बाह्य हार्ड डिस्कवर आहे. आता तिच्यात नवी फाइल टाकायला गेल्यास 'डिस्क राइट प्रोटेक्टेड आहे' असा संदेश येतो. जुन्या चित्रफिती उघडतात, मात्र काही मध्येच अडकतात. संगणक विंडोज १० चा आहे. तालुक्याच्या एका दुकानात फॉरमॅट करण्याचा सल्ला मिळाला. परंतु यातील काही कलाकार आज हयात नाहीत आणि त्यांच्या चित्रफितींची दुसरी प्रत कोठेही नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

भाऊ, फॉरमॅट मुळीच करू नका. चित्रफिती मध्येच अडकतात, हा आपण दिलेला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. 'राइट प्रोटेक्टेड'चे, म्हणजे लिहिण्यावरचे हे कुलूप केवळ एखाद्या सेटिंगमुळे लागले असते, तर वाचताना डिस्क अडखळली नसती. म्हणून ती स्वतःच खराब होत असावी, असे धरून चालावे. लिहिता येत नाही याची चिंता आज बाजूला ठेवा आणि वाचता येते आहे तोवर सर्व काही दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

प्रथम केबल बदला. अशा लहान डिस्कला वेगळा वीजजोड नसतो, ती यूएसबीतूनच वीज घेते. त्यामुळे केबल सैल किंवा लांब असली की ती अडखळते. हब (एका यूएसबी जागेच्या अनेक जागा करणारे जोडयंत्र) न वापरता थेट लॅपटॉपला जोडा आणि आपल्याकडे लाइटचा भरवसा नसल्याने बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. जे कलाकार हयात नाहीत त्यांच्या चित्रफिती सर्वांत आधी घ्या, एका वेळी थोड्याच फाइली घ्या आणि एखादी अडकलीच, तर तिच्या मागे न लागता पुढे जा. डिस्कमधून टकटक असा आवाज आला, तर तत्काळ काढून ठेवा व नागपूरला डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. घरच्या प्रयत्नांनी तेव्हा नुकसान वाढते. 'चेकडिस्क' हा विंडोजचा डिस्क तपासण्याचा प्रोग्रॅमही नक्कल होईपर्यंत चालवू नये, कारण दुरुस्तीच्या नावाखाली तो त्याच डिस्कवर लिहू पाहतो.

डिस्कची स्थिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' ही ओळ पाहा. तिथे शून्याहून अधिक आकडा असेल, तर तितके भाग वाचताना डिस्कला अडचण येत आहे, असे समजावे.

उत्तर २

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. नक्कल झाल्यावर डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाहावी. तिथे लिहिता आले, तर दोष पहिल्या संगणकाच्या सेटिंगमध्ये आहे. मात्र तो दुसरा संगणक मॅक नसावा, कारण विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅकवर मुळातच फक्त वाचता येते.

कुलूप काढण्यासाठी विंडोजमधला 'डिस्कपार्ट' हा आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम प्रशासक म्हणून उघडावा, 'लिस्ट डिस्क' देऊन आकारावरून आपली डिस्क ओळखावी, 'सिलेक्ट डिस्क'पुढे तिचा क्रमांक द्यावा आणि मग 'अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली' ही आज्ञा द्यावी. हिने मजकूर पुसला जात नाही. याच प्रोग्रॅममधील 'क्लीन' ही आज्ञा मात्र विभागणीच पुसून टाकते. व्हिडिओत पाहून ती कधीही देऊ नये.

प्रश्नकर्ता

केबल बदलल्यावर अडकणे कमी झाले, परंतु क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळ्या रंगात 'कॉशन' (सावधानतेचा इशारा) दाखवते. शेजारच्या गावातील मित्राच्या डिस्कवर नक्कल सुरू केली असून जुन्या कलाकारांच्या चित्रफिती उतरल्या आहेत. नवी डिस्क कशी घ्यावी?

उत्तर १

फार चांगले झाले. 'कॉशन' दाखवणाऱ्या डिस्कचे कुलूप निघाले तरी नवे चित्रीकरण तिच्यावर टाकू नये. नव्या डिस्क दोन घ्या, एक घरी आणि एक मित्राकडे ठेवा, म्हणजे वीज पडली किंवा चोरी झाली तरी एक प्रत उरेल. डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत, फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस ठेवा. संकलन मॅकवर होत असेल तर एक्सफॅट घ्या. फॅट३२ नको, कारण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकाची फाइल त्याहून सहज मोठी होते.