मदत हवी आहे: जीडीएएल या नकाशे-प्रतिमांच्या फायली हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये काय ठेवू, काय गाळू?

नमस्कार मंडळी. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागांचे नकाशे आम्ही जळगावात बनवतो. त्यासाठी जीडीएएलचं स्वतःचं पॅकेज बांधतोय. नकाशाचे निर्देशांक एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलणारं प्रोज तर लागतंच. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा जेपीईजी २००० या फाइल-प्रकारात येतात, म्हणून ते वाचणारं ओपनजेपेगही पक्कं. घोडं अडलंय ते पॉपलर आणि एचडीएफ५ वर. पॉपलर असलं की पीडीएफ नकाशे वाचता येतात, पण त्याचा परवाना जीपीएल (सोबत वाटलेल्या कोडलाही आपल्याच अटी लावणारा), जीडीएएलचा एमआयटी (मोकळा), आणि पॅकेज शेतकरी गटांनाही वाटायचंय. एचडीएफ५ (वैज्ञानिक डेटाच्या फायली वाचणारी लायब्ररी) चं ओझं गावातल्या जुन्या लॅपटॉपवर नको वाटतं. माझा कल दोन्ही ड्रायव्हर (त्या-त्या प्रकारच्या फायली वाचणारे भाग) वेगळे प्लगइन, म्हणजे हवे तरच जोडायचे तुकडे, म्हणून बांधण्याकडे आहे. सीमेक या सॉफ्टवेअर बांधायच्या साधनात तशी सोय आहे. कुणी असं केलंय का? नवी आवृत्ती आली की प्लगइन जुळवताना त्रास होतो का? कृपया सविस्तर सांगा.