गिरगाव जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे?

नारायणपेठकर (धाग्याची सुरुवात)

गेल्या महिन्यात आम्ही सात-आठ पुणेकर सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईला गेलो आणि दिवसभर गिरगाव पायी हिंडलो. केशवजी नाईकांची चाळ, फणसवाडी, झावबावाडी, केळेवाडी, खोताची वाडी, ऑपेरा हाऊस आणि शेवटी चौपाटी असा आमचा क्रम होता. परतीच्या गाडीत आमच्यात जो वाद झाला, तो इथे नीट मांडावा असे वाटते, कारण तो अर्धवटच राहिला.

माझे म्हणणे असे. गिरगावात घडलेल्या कितीतरी गोष्टींची जागाच आज दाखवता येत नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी जिथे लोकांसमोर आला, ते कॉरोनेशन थिएटर राहिलेले नाही. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाने ज्या मॅजेस्टिकसमोर गर्दी लोटली, तेही गेले आणि तिथे दुकानांचे संकुल उभे राहिले. याउलट केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव, जो पाहायला १९०१ मध्ये स्वतः लोकमान्य टिळक आले होते, तो आजही त्याच चाळींमधल्या मोकळ्या जागेत, लहान मूर्ती आणि पालखीच्या जुन्या रीतीने होतो. तो टिकला, कारण ती जागा टिकली.

एका चाळीत आम्ही जिना चढलो. प्रत्येक लाकडी पायरी मधोमध झिजून तिला वाटीसारखा खळगा पडला होता. कठड्याच्या जागी वरून सोडलेला एक जाड दोर होता, आणि शंभर वर्षांच्या हातांनी तो काळा, गुळगुळीत झाला होता. त्या दोराला हात लावला तेव्हा मला जे कळले, ते कोणत्याही नामफलकाने कळले नसते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की गिरगावातल्या उरलेल्या वाड्या आणि चाळी एकसंध वारसा परिसर म्हणून जाहीर व्हाव्यात आणि तिथले उंच टॉवर थांबवावेत.

फणसवाडी ते कोथरूड

आपण ज्या दोराविषयी इतक्या आत्मीयतेने लिहिले आहे, त्याच्याविषयी मलाही थोडे सांगायचे आहे. माझा जन्म फणसवाडीतल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर झाला आणि नोकरीनिमित्त पुण्यात येईपर्यंतची अठ्ठावीस वर्षे मी तिथे काढली. एकशे ऐंशी चौरस फुटांची खोली, त्यातच मोरी, आणि आम्ही सहा माणसे. नळाला पाणी पहाटे साडेचारला येई आणि पावणेसहाला जाई. तेवढ्या वेळात पिंप भरले नाही, तर दिवसभर शेजारी हात पसरावे लागत. मजल्यावरच्या अकरा बिऱ्हाडांना गॅलरीच्या टोकाला तीन संडास होते.

माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा त्या जिन्यावरून स्ट्रेचर वळेना. चाळीतल्या चार मुलांनी तिला लाकडी खुर्चीला धोतराने बांधले, आणि आपण पाहिला तसाच दोर एका हाताने धरून एकेक पायरी करत खाली आणले. ती वेदनेने ओरडत होती आणि मी मागून खुर्ची पेलत होतो. पुढे ती तेरा वर्षे जगली, पण पुन्हा तिसऱ्या मजल्यावर चढू शकली नाही. माझ्याकडे पुण्यात राहिली आणि गिरगावच्या आठवणीने झुरली, हेही खरे.

तेव्हा बाहेरून दिवसभरासाठी आलेल्या माणसाने या जिन्यांना वारसा ठरवावे आणि आत राहणाऱ्याने ते जन्मभर चढावेत, ही वाटणी मला मान्य नाही. चाळीतली माया खरी होती. पण ती माणसांची होती, तुळयांची नव्हे. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, घरात संडास आहे, चोवीस तास पाणी आहे. ज्यांना हे मिळते आहे, त्यांना आपण कोणत्या तोंडाने थांबा म्हणणार?

कसब्याची माहेरवाशीण

फणसवाडीकर काका, आपल्या आईंविषयी वाचून गलबलून आले. तरीही मी धागाकर्त्यांच्या बाजूने बोलणार आहे, आणि तेही आपल्या पुण्याच्या अनुभवावरून.

पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या पुराने नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे पाडले. पण जे पुरात वाचले, तेही पुढच्या काळात एकामागून एक गेलेच. आपण विश्रामबागवाडा राखला, नानावाडा राखला, आणि ते योग्यच केले. पण ते सत्ताधीशांचे वाडे होते. सामान्य बिऱ्हाडकरूंचा वाडा, ज्याच्या चौकात हौद होता, आड होता, पापड वाळत आणि मुलांच्या मुंजी लागत, तो कसा होता हे माझ्या मुलीला दाखवायचे म्हटले, तर जागा शोधावी लागते. माझे माहेर ज्या वाड्यात होते, तिथल्या इमारतीला आजही वाड्याचेच नाव आहे. आत शिरले की समोर चौदा मोटारी उभ्या दिसतात.

मुंबईकरही हेच करतील. मणिभवन राहील, कारण १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचे तिथे वास्तव्य असे. ज्या गवालिया टँक मैदानातून १९४२ ची चळवळ पेटली, तेही राहील. काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये खरे तर पुण्यात भरायचे होते, पण इथे पटकीची साथ आल्यामुळे ते ऐनवेळी तिथल्याच गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले, ही गोष्टही पुस्तकांत राहील. पण सभांना जाणारा माणूस राहत कुठे होता, घरी कुठल्या जिन्याने परतत होता, हे समजून घ्यायला काहीच उरणार नाही.

चुना आणि विटा

मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो. भावना दोन्ही बाजूंच्या खऱ्या आहेत, पण चाळी मोडकळीला का आल्या याचे कारण अजून कोणीच मांडलेले नाही.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो रास्तच होता. पण बांधकामाचा खर्च वर्षानुवर्षे वाढत गेला आणि भाडे जिथल्या तिथे राहिले, तेव्हा मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. भाडेकरूने पागडी देऊन खोली घेतलेली, म्हणून तो सोडेना. आणि मालकी त्याची नाही, म्हणून तो तुळईवर खर्च करेना. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, त्या दुरुस्तीसाठी उपकर (जादा कर) बसला, आणि ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द गिरगावच्या घराघरांत पोहोचला. उपकरातून टेकू लागतात, फार तर एखादी गॅलरी बदलली जाते. सबंध चाळ त्यातून उभी राहत नाही.

आता ऑपेरा हाऊस पाहा. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली ती वास्तू १९९३ मध्ये बंद पडली आणि २०१६ मध्ये उत्तम जीर्णोद्धार होऊन पुन्हा उघडली. तिथे मालक एक होता, वापर एक होता आणि काम चालू असताना आत कोणाचा संसार नव्हता. चाळीत साठ संसार असतात आणि साठ मते असतात. वारसा म्हणून जाहीर केले आणि पैशाची सोय केली नाही, तर ती चाळ वाचणार नाही. ती फक्त कायदेशीरपणे पडायची थांबेल आणि प्रत्यक्षात पडेल.

याचा अर्थ टॉवर हेच उत्तर आहे, असा मात्र मी काढत नाही. पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते, ते योग्यच आहे. पण वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, विकून तो खर्च निघत असल्यामुळे उंची वाढते आणि जमिनीवरची सगळी मोकळी जागा गाड्यांच्या चढणीत जाते. आपण वाद घालायचा तर या हिशेबावर घालावा.

नारळीबाग

मला धागाकर्त्यांचे मूळ गृहीतकच पटत नाही. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही नावेच पाहा. ही बागायतीची नावे आहेत. मलबार हिलच्या पायथ्याच्या या गावठाणात आधी वाड्या होत्या, म्हणजे खरोखरच्या फळबागा आणि नारळीची राने. शहर वाढले तसे ती झाडे तोडून चाळी उभ्या राहिल्या. खोताची वाडी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या पाठारे प्रभू दादोबा वामन खोतांनी आपली जमीन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिली, म्हणून तिथे लाकडी सज्जांची ती देखणी घरे आली. आज त्यांतली निम्म्याहून कमी उरली आहेत. पुढे किनाऱ्याने रेल्वे आली आणि गिरगाव व समुद्र यांच्यामध्ये रूळ पडले. जे गाव दर दोन पिढ्यांनी बदलत आले, त्याचा नेमका १९३० सालचा चेहरा तेवढा खरा, असे कशावरून म्हणायचे?

गिरगावची सर्वांत मोठी ऐतिहासिक जागा इमारत नाहीच. ती चौपाटीची वाळू आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचा अंत्यसंस्कार तिथे झाला, तेव्हा पावसात लोटलेला तो जनसागर कोणत्या सभागृहात मावला असता? २० नोव्हेंबर १९५५ रोजी मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा त्याच वाळूवर मराठी माणसाने उधळून लावली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला धार चढली. समोर विल्सन महाविद्यालयाची १८८९ ची इमारत आहे, ती सुंदर आहे आणि राहावीच. पण गिरगावकराला जमायला मोकळी जागा होती, हे त्याचे खरे भांडवल होते. जपायचे तर ते जपा.

नारायणपेठकर

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. फणसवाडीकर, आपल्या आईंचा प्रसंग वाचल्यावर जिना जसाच्या तसा राहावा हा शब्द मी मागे घेतो. मी त्या दोराला हात लावला तेव्हा माझ्या खांद्यावर फक्त शबनम होती, हे मी लक्षात घ्यायला हवे होते. टॉवर सरसकट थांबवावेत, हेही चुना-विटा यांच्या हिशेबानंतर मला म्हणवत नाही.

परंतु नारळीबाग यांच्या शेवटच्या मुद्द्यातच माझी बाजू आहे, असे मला दिसते. मोकळी जागा फक्त चौपाटीवर नव्हती, ती प्रत्येक वाडीत होती. शांतारामाच्या चाळीत राजकीय सभा होत, त्या चाळीच्या पटांगणात होत आणि माणसे गॅलऱ्यांतून ऐकत. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह १९६४ मध्ये केळेवाडीत उभे राहिले, म्हणजे वस्तीच्या पोटात. नाटक सुटले की प्रेक्षक चालत घरी जात. ही रचना म्हणजे गिरगाव. बागा गेल्या, पण त्यांच्या जागी आलेल्या चाळींनी मधले अंगण सोडले होते. टॉवर ते सोडत नाही, हा बदल मागच्या बदलांसारखा नाही.

म्हणून माझी मागणी मी बदलून मांडतो. चाळ पाडायची असेल तर पाडावी, घरे मोठी आणि सोयीची व्हावीत. पण वाडीची गल्ली आणि मधले अंगण यांचे क्षेत्र नव्या नकाशात तितकेच, जमिनीच्या पातळीवर आणि सर्वांना खुले ठेवण्याची अट असावी. ती नसेल, तर मंजुरी देऊ नये.

चुना आणि विटा

ही अट तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. दोन-तीन वाड्यांचा एकत्रित विकास केला आणि वाहनतळ तळघरात नेला, तर अंगण सोडता येते. खर्च वाढतो, विकासक नाखूश असतो, आणि भाडेकरूंनी संमती देतानाच हे लेखी मागितले नाही, तर पुढे कोणी देत नाही. संमतीच्या वेळी घराचे क्षेत्रफळ, मधल्या काळातले भाडे आणि कॉर्पस, म्हणजे विकासकाकडून मिळणारा एकरकमी निधी, एवढ्यावरच चर्चा होते, हे मी अनेक बैठकांत पाहिले आहे.

फणसवाडी ते कोथरूड

शेवटचा परिच्छेद वाचून मला लिहिणे भाग आहे, कारण आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या अशाच संमतीपत्रावर माझी सही आहे. आईच्या पश्चात भाडेपावती आम्हा दोघा भावांच्या नावावर झाली होती. बैठक चाळीच्या गच्चीवर झाली. मी पुण्याहून मुद्दाम गेलो, घराचे चौरस फूट विचारले, लिफ्ट किती माणसांची ते विचारले, पाण्याच्या टाकीचे विचारले. आईचा विचार मनात होता, म्हणून जिन्याची रुंदीदेखील विचारली.

आमच्या अंगणाचे माप मला पाठ आहे, कारण गणपतीचा मंडप दरवर्षी आम्ही मुलेच आखायचो: लांबी बावीस पावले, रुंदी तेरा, आणि एका कोपऱ्यात पारिजातक. नकाशा समोर पसरलेला होता. त्या जागेवर ‘वाहन प्रवेशमार्ग’ असे लिहिले होते. आम्ही चौसष्ट भाडेकरू होतो, आणि हे काय आहे असे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. आता माझा भाऊ चौदाव्या मजल्यावर सुखाने राहतो आणि गणपती वाहनतळाच्या दुसऱ्या मजल्यावर बसतो. गेल्या वर्षी मी आरतीला गेलो होतो. खांबांच्या मधून मूर्ती दिसावी म्हणून आम्हाला दोन रांगांत तिरके उभे राहावे लागले.