केमोला दाद न देणारी गाठ: एपिजेनेटिक औषधांवर भर द्यावा का?

सायली_प
स्तनाची गाठ केमोला दाद देईनाशी झाली की घरच्यांना ठरलेलं उत्तर मिळतं: म्युटेशन झालंय, म्हणजे जनुकाचा मजकूरच बदललाय. हे उत्तर अपुरं आहे, आणि त्यापायी संशोधनाचा पैसाही एकाच वाटेनं जातो असं मला ठामपणे वाटतं.

2018 साली अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रात निकोलस नाविन यांच्या गटानं 20 ट्रिपल निगेटिव्ह (गाठीत दोन्ही हार्मोन रिसेप्टर आणि हर-2 नसलेल्या) रुग्णांच्या गाठी केमोच्या आधी आणि नंतरही तपासल्या, काहींच्या तर एकेक पेशी सुटी करून. केमोला पुरून उरणारे जनुकीय बदल काही पेशींत आधीपासूनच होते. पण कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, हे केमो सुरू झाल्यावर बदललं.

पुढे 2022 मध्ये पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटनं अशा बदलाची एक किल्लीच दाखवली. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवरच्या एका मिथाइल (छोट्या रासायनिक) खुणेमुळे काही जनुकं बंद राहतात; मजकूर न बदलता जनुकं चालू-बंद करणाऱ्या अशा खुणांना एपिजेनेटिक म्हणतात. केमोत तगलेल्या पेशींत ती खूण त्या जनुकांवरून पुसली जाते. पुसणारं एन्झाइम केमोबरोबरच रोखलं, तर उंदरांत गाठ उशिरा परतली. म्युटेशन मागे फिरवता येत नाही, ही खूण राखता येते. मग यावर भर का नको?

मकरंद
सायलीताई, त्याच अभ्यासातला दुसरा भाग तुम्ही सोडलात. ती खूण औषधानं आधीच कमी केली, तर केमोत तगणाऱ्या पेशी वाढल्या. म्हणजे चुकीचं एपिजेनेटिक औषध दिलं तर अपायच.

आणि माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात? एन्टिनोस्टॅट या एपिजेनेटिक औषधानं छोट्या चाचणीत आयुर्मान सुमारे 20 महिन्यांवरून 28 वर नेलं, केवढा गाजावाजा झाला. मग 608 रुग्णांची मोठी चाचणी झाली: औषधाविना 21.7, औषधासह 23.4 महिने, फरक सिद्ध झाला नाही. त्या बायकांनी जुलाब, थकवा, घसरलेल्या रक्तपेशी सोसल्या, त्याचं काय?

उलट टाटा मेमोरियलनं 720 ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांत शस्त्रक्रियेआधीच्या केमोत कार्बोप्लॅटिन हे केमोचंच औषध घालून पाहिलं. पन्नाशीच्या आतल्या बायकांना स्पष्ट फायदा झाला. जुनं, स्वस्त औषध. पैसा इथे लावा.

सायली_प
एन्टिनोस्टॅटची ती चाचणी हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी गाठ असलेल्या) रुग्णांची, एक्झेमेस्टेन या हार्मोनविरोधी औषधाबरोबरची. केमोचा तिथे संबंध नाही. शिवाय कोणाच्या गाठीत कोणती खूण आहे हे न पाहता सरसकट सगळ्यांना औषध दिलं. त्याच जातीच्या टुसिडिनोस्टॅटनं चीनमध्ये 365 रुग्णांत गाठ वाढेपर्यंतचा काळ 3.8 वरून 7.4 महिन्यांवर नेला.

मकरंद
गाठ उशिरा वाढली म्हणजे बाई जास्त जगली असं होत नाही. मला आयुष्याचे आकडे हवेत.

रेवती (पॅथॉलॉजी)
तुम्ही दोघंही औषधांवर भांडताय, माझा आक्षेप तपासणीवर आहे. डीएनएची दुरुस्ती करणारं बीआरसीए1 जनुक म्युटेशननं बिघडतं, तसंच डीएनएवरच्याच मिथाइल खुणांनी बंदही पडतं. ब्रिटनमधल्या 376 रुग्णांच्या टीएनटी चाचणीत जन्मजात बीआरसीए म्युटेशन असलेल्यांपैकी 68 टक्के जणींना कार्बोप्लॅटिन लागू पडलं, डोसीटॅक्सेल हे दुसरं केमो औषध 33 टक्के जणींना. मिथाइल खुणांनी जनुक बंद पडलेल्या रुग्णांत मात्र असा फायदा दिसला नाही. एक शक्यता अशी की आधीच्या केमोत खुणा पुसल्या गेल्या आणि जनुक पुन्हा जागं झालं. निदानाच्या वेळी काढलेला गाठीचा जुना तुकडा पाहून हे कसं कळणार?

शस्त्रक्रियेआधी केमो घेतलेल्या कितीतरी बायकांची उरलेली गाठ आमच्या टेबलावर येते. आम्ही तिचा आकार आणि काखेतल्या गाठींची स्थिती लिहितो. मिथायलेशन, म्हणजे या मिथाइल खुणा, नेहमीच्या कामात कोणी पाहत नाही.

मकरंद
रेवतीताई, हे पटलं. तपासणी करा, पण संशोधनाच्या निधीतून करा. जोवर त्या रिपोर्टवरून उपचार बदलत नाही, तोवर बिल रुग्णाच्या माथी नको.

सायली_प
निधीचं मान्य. पण उपचार बदलेल की नाही हे कळायला खुणा पाहून निवडलेल्या रुग्णांची चाचणीच लागेल, आणि तुमचा विरोध नेमका तिलाच आहे.