तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारात खाणं-पिणं कसं सांभाळलंत? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

यजमानांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग सिकाई, म्हणजे रेडिएशन, सुरू झाली. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे, जोडीला केमो. पहिला आठवडा बरा गेला. दुसरा संपता संपता तोंड आतून सोलवटलं. रोज सकाळी पोह्यांवर जिरावन मसाला आणि शेव घेणाऱ्या माणसाला साधं पाणीही झोंबायला लागलं. ऑपरेशनबद्दल सांगणारे पुष्कळ भेटले, पण संध्याकाळी वाटीत काय वाढायचं हे कुणी सांगेना. ज्यांच्या घरी हे दुखणं होऊन गेलंय, त्यांनी कृपया लिहा. औषधांचे डोस मात्र नकोत, ते ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतील.

माझ्याकडून सुरुवात करते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजं. जागेपणी दर दोन-तीन तासांनी हळूच खळखळून थुंकायचं. बाजारातले अल्कोहोलवाले माउथवॉश बंद. डॉक्टरांनी दिलेलं बधिर करणारं जेल जेवणाआधी लावायचो. तोंड बधिर असताना चटका कळत नाही, म्हणून सगळं कोमट किंवा गार. गुरगुट्या भात, वरण, तूप मिक्सरमधून काढलेलं. लिंबू, टोमॅटो, चिंच घरातच आणली नाही. आंबट नसलेल्या ताज्या दह्यात केळं घुसळून दिलं की चार घोट जास्त जायचे.

सुदामानगरहून, मुलगा

ताई, मी नळीबद्दल लिहितो, कारण लोक तिलाच सगळ्यात जास्त घाबरतात. बाबांना नाकातून पोटात जेवणाची नळी घालायची म्हटल्यावर आई रडायलाच लागली. नळी म्हणजे शेवट, असं तिच्या मनात होतं. खरं तर नळीमुळेच बाबांची सिकाई मध्ये थांबली नाही, आणि सिकाईत खंड पडला तर उपचाराचा जोर कमी होतो.

आई डाळ-तांदळाची खिचडी मऊ शिजवायची, त्यात उकडलेलं अंडं आणि तूप घालून मिक्सरला लावायची. नंतर ती गाळणीतून दोनदा काढायची, कारण एक कणही नळी चोंदवतो. बाबांना ताठ बसवून मोठी सिरिंज दांडीशिवाय नळीला लावायची, वर धरायची आणि पातळ खिचडी आपोआप उतरू द्यायची. दाबून ढकलायचं नाही. दर दोन तासांनी साधारण 200 मिली, आधी आणि नंतर साधं पाणी. त्यानंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. नाकपुडीपाशी नळीवर जो आकडा दिसतो तो लिहून ठेवा. तो बदलला किंवा नळी बाहेर आली, तर घरी काही करू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

रामबाग, मी स्वतः पेशंट

सुपारी वर्षानुवर्षं खाल्ली, जिभेचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, सिकाई झाली. चव पूर्ण गेली होती, श्रीखंडसुद्धा ओल्या मातीसारखं लागायचं. ती बऱ्याच महिन्यांनी हळूहळू परतली. तोंड मात्र अजून कोरडं पडतं, पाण्याची बाटली कायम जवळ असते, पोळी वरणात भिजवल्याशिवाय उतरत नाही.

नातेवाइकांना हात जोडून सांगते, पेशंटला "साखर बंद, दूध बंद" असं सांगत जाऊ नका. ज्याच्या पोटात दिवसभरात दोन वाट्या जेमतेम जातात, त्याची खीर कसली काढून घेता? डायबिटीस असेल तर डॉक्टर सांगतील. माझ्या जावेने कुणाचंही न ऐकता रोज मला शेवयांची खीर केली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

आहारतज्ज्ञ, आता निवृत्त

वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 30 कॅलरी आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन धरा. 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. अंड्यात 6 ग्रॅम, पाव लिटर दुधात 8. पातळ पेजेवर हे भागत नाही. दुधात दूध पावडर मिसळा, पेजेत डाळीचं पीठ शिजवा, वरून तूप सोडा. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा आणि घटलं तर लगेच सांगा. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रोटीन विचारूनच वाढवावं.

लोकमान्यनगर, सून

दोन गोष्टी. सिकाईच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. किडलेला दात नंतर काढला तर जबड्याच्या हाडाची जखम भरून यायला फार त्रास होतो. दुसरं, तोंड उघडण्याचा व्यायाम. सासऱ्यांसाठी आम्ही आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायला लावायचो, जमेल तशी एक-एक वाढवत. दुखतं म्हणून ते चिडायचे, पण आता चमचा आरामात जातो. जिभेवर पांढरा थर दिसला, गिळताना ठसका लागायला लागला किंवा केमोच्या दिवसांत 100.4 च्या वर ताप गेला, तर सकाळची वाट पाहू नका.

पुन्हा सुदामानगर

एक राहिलं. सिकाई संपली की त्रास संपेल, असं आम्हाला वाटलं होतं. पुढचे दोन आठवडे सगळ्यात कठीण गेले, मग जखमा भरू लागल्या. तेव्हा गुळण्या, दुखण्याची औषधं आणि नळी शेवटच्या सिकाईच्या दिवशी आपल्या मनाने बंद करू नका. मानेला सिकाई झाली असेल, तर पुढच्या तपासण्यांमध्ये थायरॉइडचंही विचारून घ्या.