मंगळावरचा हेल्मेटवाला पोरगा, कोणाले आठवते का?

दर्यापूरले मामाच्या टायपिंग क्लासात एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर होता. त्यात हिरव्या-पिवळ्या हेल्मेटवाला पोरगा लाल मंगळावर कुदे, हाती छडी घेऊन टणाटण उड्या मारे. उन्हायाभर खेळलो. यानाचा एक भाग मिळाला का नेमका लाइट जाये! मग मामा म्हने, "चाल, बैल पाज." नाव काय बा त्या गेमचं? अन् आता चालन का?

प्रतिसाद १: कमांडर कीन, भाऊ. पहिला भाग डिसेंबर 1990 चा. पोरगा आठ वर्षांचा, बिली ब्लेझ. त्याच्या यानाचे चार भाग व्होर्टिकॉन नावाचे परग्रहावरचे प्राणी चोरून मंगळावर लपवतात, त्यातला एक तं व्हॅक्यूम क्लिनर! डॉसबॉक्सात (जुने डॉसवाले गेम आताच्या कॉम्प्युटरवर चालवाचा प्रोग्राम) चालते.

प्रतिसाद २: ती छडी म्हंजे पोगो स्टिक, स्प्रिंगवाली उड्या माराची काठी. सेव्ह फक्त नकाशावर होते, लेव्हलमध्ये नाही, म्हनून लाइट गेली का तुही मेहनत पाण्यात.
पोरगा पुढं गेला का मागचा देखावा पडद्यावर असा सरसर सरकवणं तेव्हाच्या पीसीवर कठीण होतं. गेमचा प्रोग्रामर जॉन कारमॅकनं डोकं लावलं: सगळा पडदा नव्यानं काढाचा नाही, जे तुकडे बदलले तेवढेच काढाचे.

मूळ प्रश्नकर्ता: चाललं राजेहो! पन गोळी काही सुटेना, अर्धा तास झाला.

प्रतिसाद २: कंट्रोल अन् ऑल्ट सोबत दाब. गोळ्या मोजक्याच असतात, मंग जपून.

मूळ प्रश्नकर्ता: सुटली! मामाले फोन लावतो.